आघाडा आणि अभिचार

भाद्रपद सरून आश्विनाचे ऊन तापू लागले की तापीकाठच्या पडीक जमिनीत, रेल्वेच्या रुळांच्या कडेला आणि जुन्या वाड्यांच्या पडक्या भिंतींशी आघाडा माजलेला दिसतो. गुजराती माणूस त्याला अघेडो म्हणतो. जवळून गेलेल्याच्या वस्त्राला त्याची कुसळे चिकटतात आणि ती काढता काढता तो त्या झाडाला दोन शब्द बोलून घेतो. परंतु ऋषिपंचमीला दात घासण्यासाठी याच झाडाच्या काड्या लागतात, आणि नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान चालू असता याचीच फांदी डोक्यावरून तीन वेळा फिरवावयाची असते. धर्मसिंधूसारख्या निबंधग्रंथांत आघाड्यासोबत तुंबी आणि टाकळा यांची नावे दिली आहेत. नांगराच्या तासातील मातीचे ढेकूळही सांगितले आहे. कोकणात आणि गोव्यात त्याच पहाटे तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात व त्याचा कडू रस जिभेला लावतात. हे सर्व आपण लहानपणापासून करीत आलो आहोत, आणि ते का करतो हे सहसा कोणी विचारीत नाही.

परदेशात राहणाऱ्या आमच्या एका आप्ताने मात्र मध्यंतरी ते विचारले. त्याने लिहिले की, तिकडे ऑक्टोबरच्या अखेरच्या रात्री काही स्त्रीपुरुष एकत्र जमतात, स्वतःला उघडपणे चेटके आणि चेटकिणी म्हणवितात, आणि ऋतूतील वनस्पती जाळून वा दाराशी बांधून वर्षाचे अरिष्ट घराबाहेर घालवितात. रोझमेरी, सेज, सफरचंदे, आणि आपल्या दवण्याच्या कुळातील एक कडवट झुडूप, एवढे त्यांचे साहित्य. "त्यांच्या त्या झुडपात आणि आपल्या आघाड्यात फरक कोणता? त्यांचे ते चेटूक आणि आपले ते व्रत, हे ठरविले कोणी?" प्रश्न थट्टेने विचारलेला असला तरी थट्टेवारी नेण्याजोगा नाही.

कायद्याच्या इतिहासात या प्रश्नाचे एक चमत्कारिक वर्ष आहे, ते म्हणजे १७३६. त्या वर्षी इंग्लंडात जो कायदा अमलात आला, त्याने चेटकीण म्हणून कोणाला फासावर चढविण्याची सोय काढून टाकली आणि आपल्याला चेटूक करता येते असा बहाणा करणे एवढाच गुन्हा शिल्लक ठेवला. तो कायदाही १९५१ साली रद्द झाला, आणि तीनच वर्षांनी जेराल्ड गार्डनर यांनी आधुनिक चेटूकपंथावरचे आपले पुस्तक राजरोस छापले. आमच्या आप्ताने पाहिलेली मंडळी ही त्या मोकळिकीची नातवंडे होत. परंतु त्याच १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने एक फर्मान काढले. बाटलेल्या कुटुंबांनी कोणकोणते जुने आचार टाकावेत याची त्यात लांबलचक यादी होती, आणि घरी तुळस लावू नये हेही त्यात होते. तुळशीवर खटला! ज्यांच्या पूर्वजांनी सोळाव्या शतकात देव पालखीत घालून जुवारी ओलांडली आणि अंत्रुज महालात नवी देवळे उभारली, त्यांना या फर्मानाचा अर्थ समजावून सांगावयास नको. न्यायासनावर बसलेल्या पाद्र्याच्या दृष्टीने ते झुडूप 'त्यांचे' होते, म्हणून ते संशयास्पद होते. आता आपला आघाडा शुद्ध आणि दुसऱ्याचे झुडूप जादूचे, असा निवाडा आपण केवळ 'आपले' आणि 'त्यांचे' या मापाने करू लागलो, तर माप त्या पाद्र्याचेच होईल. वजन करणारा हात तेवढा बदलेल.

यावर एक सोपे उत्तर हल्ली सर्रास दिले जाते. आमचे ते सर्व शास्त्रीय आहे, असे ते उत्तर. टाकळ्याचे संस्कृत नाव चक्रमर्द. गजकर्णावर त्याचे बी उगाळून लावतात, आणि पावसाळ्यानंतर त्वचेचे रोग बळावतातच. शरदात पित्ताचा प्रकोप होतो म्हणून कडू रस हवा. शार्ङ्गधराने कार्तिकाचे शेवटचे आठ आणि मार्गशीर्षाचे पहिले आठ दिवस यांना यमाच्या दाढा म्हटले आहे, तेव्हा त्यापूर्वीच सावध व्हावे हे योग्यच. यातील एकही गोष्ट खोटी नाही. तथापि, टाकळा वाटून अंगाला लावला तर ते औषध झाले. डोक्यावरून तीन वेळा फिरविला तर गजकर्ण बरे होत नाही. ज्या ठिकाणी विधी सुरू होतो नेमक्या त्याच ठिकाणी हे उत्तर संपते. शिवाय विज्ञानाच्या दारात उभे राहून आपल्या व्रतांसाठी शिफारसपत्र मागण्याची ही वृत्ती आम्हांस मुळीच आवडत नाही. असो.

मग आघाडा फिरविणे म्हणजे काय? शब्दातच त्याचे उत्तर आहे. अपामार्ग म्हणजे पुसून टाकणारा. शतपथ ब्राह्मणात राजसूयाच्या प्रकरणी आघाड्याच्या दाण्यांचा होम सांगितला आहे, आणि देवांनी याच वनस्पतीने राक्षसांना पुसून काढले अशी त्याची उपपत्ती दिली आहे. अथर्ववेदाच्या चौथ्या कांडात सतरा ते एकोणीस ही तीन सूक्ते या झाडाला उद्देशून आहेत, आणि ती सरळसरळ कृत्येविरुद्ध, म्हणजे आजच्या भाषेत करणीविरुद्ध आहेत. कच्च्या मडक्यात, निळ्यातांबड्या दोऱ्यात, कच्च्या मांसात कोणी काही करून ठेवले असेल तर ते निष्फळ व्हावे, असे त्यांत मागणे आहे. ज्याने आघाड्याचा तुरा निरखून पाहिला आहे त्याला त्याची फळे खाली, म्हणजे उलटी वळलेली दिसली असतील. ऋषीने तेवढी खूण उचलली आहे: तू स्वतः उलटा वाढलेला, तेव्हा शापही उलटा फिरव. वासरू जसे आपल्या आईकडे धावते तशी ती करणी करणाऱ्याकडेच परत जावी, अशी उपमा तेथे येते.

म्हणजे आघाडा निव्वळ बचावाचा नव्हे. त्याला परत मारण्याचीही धार आहे. मग त्याच्यात आणि जादूत भेद कोठे राहिला, असे कोणी म्हणेल. आमच्या मते भेद आहे, आणि तो एका सर्वनामात आहे. त्या सूक्तांचा कर्ता 'ज्याने कोणी' हे केले असेल 'त्याच्याकडे' जावे एवढेच म्हणतो. तो नाव घेत नाही. करणारा कोण हे ठरविण्याचे काम त्याने वनस्पतीवर, देवतेवर, आपल्या ज्ञानाबाहेरच्या कोणावर तरी सोपविले आहे. कोणी काहीच केले नसेल, तर ते 'जो' रिकामे राहते आणि मंत्र कोणालाही न लागता विरून जातो. याच्या उलट पुढील काळातील तंत्रग्रंथांतील षट्कर्मे पाहावीत: मारण, मोहन, स्तंभन, विद्वेषण, वशीकरण, उच्चाटन. तेथे मंत्रामध्ये 'अमुक' हा शब्द असतो आणि प्रयोग करणाऱ्याने त्या जागी माणसाचे नाव घालावयाचे असते. आम्हां वकिलांना तो 'अमुक' फार ओळखीचा आहे. छापील करारनाम्यातील रिकामी जागा ती हीच. ती जागा भरली जाण्यापूर्वी कागद निरुपद्रवी असतो. भरली, की कोणाचे तरी घर त्यात अडकते.

वनस्पतीकडे दोष नाही हे आपल्या जुन्या ग्रंथकारांना पक्के ठाऊक होते असे दिसते. मीमांसकांचा श्येनयाग प्रसिद्ध आहे. शत्रूच्या नाशासाठी सांगितलेला हा याग. ससाणा झडप घालून पक्षी उचलतो तसा हा शत्रूला उचलतो, म्हणून हे नाव. त्यात कुशाच्या जागी शर नावाचे गवत आणि समिधा बेहड्याच्या. आता बेहडा म्हणजे त्रिफळ्यातील तीन फळांपैकी एकाचे झाड. आवळा आणि हिरडा यांच्यासह ज्याचे चूर्ण आजीने रात्री कोमट पाण्यातून दिले, त्याच झाडाचे लाकूड शत्रूच्या मरणासाठी जाळावयाचे! शबरस्वामींपुढे प्रश्न उभा राहिला की वेदात सांगितले म्हणजे धर्म, तर मग श्येनयागही धर्म मानावयाचा काय? त्यांचे उत्तर कायद्याच्या विद्यार्थ्याने पाठ करण्याजोगे आहे. ते म्हणतात, जैमिनीच्या सूत्रात 'अर्थ' हा शब्द आहे तो याचसाठी: ज्याचे फळ हिंसा, तो अनर्थ, आणि अनर्थ हा धर्म नव्हे. हिंसा करावी असे वेद सांगत नाही. जो हिंसा करू इच्छितो त्याला हा उपाय आहे, एवढे कळवितो. इच्छा ही त्या माणसाची, तेव्हा पापही त्याचेच. धोतऱ्याचे बी किती खाल्ले असता माणूस मरतो हे वैद्याच्या पुस्तकात असते. त्यामुळे ते पुस्तक खुनाला चिथावणी देते असे कोणी म्हणत नाही.

बेहड्याची आणखी एक कथा महाभारताच्या वनपर्वात आहे. नलाच्या अंगात शिरलेला कली, नलाला अक्षविद्या प्राप्त होताच बाहेर पडला आणि जवळच्या बेहड्यात घुसला. तेव्हापासून ते झाड बदनाम झाले. बिचाऱ्या झाडाने काय केले होते? परंतु कथाकाराच्या शहाणपणाकडे जरा पाहावे. नलाचे राज्य गेले, संसार उधळला, दमयंती रानोमाळ हिंडली. एवढ्या दुःखाचा दोष कोठे तरी ठेवणे भाग होते. तो ऋतुपर्णावर ठेवला नाही, निषधातील कोणा म्हातारीवर ठेवला नाही, झाडावर ठेवला. झाडाला दगड मारले तर ते सोसते.

स्मृतिकार या बाबतीत किती बारकाईने पाहत असत याचेही एक उदाहरण देतो. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात उपपातकांची यादी आहे, तीत अभिचार आणि मूलकर्म, म्हणजे मुळ्यांनी करावयाचा जादूटोणा, ही दोन पातके शेजारी शेजारी येतात. आणि त्याच श्लोकात औषधी वनस्पतींची हिंसा हेही पातक म्हणून मोजले आहे. मुळी उपटून दुसऱ्याचे वाईट चिंतणारा दोन अपराध करतो, एक माणसाचा आणि एक मुळीचा! नवव्या अध्यायात राजाने अशा प्रयोगाला दोनशे पण दंड करावा असे म्हटले आहे. मात्र मूलकर्माच्या बाबतीत, करणारा आप्त नसेल तरच. नवऱ्याने घरी वेळेवर यावे म्हणून बायकोने त्याच्या उशाखाली एखादी मुळी ठेवली, तर मनुमहाराज तिकडे काणाडोळा करतात. त्याच स्मृतीत अन्यत्र ब्राह्मणाला शत्रूविरुद्ध आथर्वण मंत्र वापरण्याची मोकळीकही दिली आहे, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. कौटिल्याचे चौदावे अधिकरण तर घातक योगांनीच भरले आहे. आपल्या परंपरेने या दारावर कुलूप घातले तसे किल्लीही जवळच टांगून ठेवली.

आता सुरतेकडे वळू. येथे नरक चतुर्दशीला काळी चौदस म्हणतात आणि तिचा रंग आपल्याकडील पहाटेच्या उटण्याहून निराळा आहे. त्या रात्री धरलेले काजळ डोळ्यांत घातले म्हणजे वर्षभर कोणाचे काही चालत नाही, अशी समजूत आहे. संध्याकाळी घरची बाई वडे तळते, ते घेऊन चौकात जाते, ठेवते, भोवती पाण्याचे रिंगण घालते आणि मागे वळून न पाहता घरी परत येते. याला 'ककळाट काढवो' म्हणतात. वर्षभरात घरात साचलेला कलह, किरकिर, कटकट ती चौकात नेऊन टाकते. सुरतेच्या जुन्या पेठेचे नावच चौटा, म्हणजे चव्हाटा! कलह टाकावयास याहून योग्य जागा कोणती? या विधीत आम्हांस जे महत्त्वाचे वाटते ते असे की, ती बाई कलह बाहेर टाकते, परंतु कोणाच्या दारात टाकीत नाही. चव्हाटा सर्वांचा, म्हणून कोणाचाच नाही. आपल्याकडे मुलाची दृष्ट काढताना, किंवा कोंकणीत म्हणतात तसे दिश्ट काढताना, मीठमोहऱ्या ओवाळीत म्हातारी जे पुटपुटते, तेही नीट ऐकावे. आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, आपल्याची आणि परक्याची अशी यादी ती वाढवीत नेते, इतकी की शेवटी तीत सर्व गाव येतो, ती स्वतःही येते. सर्वांची नावे घेणे म्हणजे कोणाचेच नाव न घेणे होय. कारीट फोडताना मात्र नाव असते, पण ते नरकासुराचे. त्याचे घर आपल्या गल्लीत नाही आणि त्याला मारून युगे लोटली.

दुर्गाराम मेहताजींना हे ऐकून हसू आले असते. २२ जून १८४४ रोजी याच सुरतेत त्यांनी मानवधर्मसभा स्थापिली, आणि भुवे, मांत्रिक, भूत उतरविणारे या सर्वांना आपले सामर्थ्य सभेपुढे सिद्ध करून दाखविण्याचे जाहीर आव्हान दिले. मराठी वाचकाला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे त्या सभेच्या संस्थापकांत आपले व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर होते. ते तेव्हा सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक होते. १८४६ साली ते मुंबईस गेले आणि तेथे पुढे परमहंससभेचे बीज त्यांनी रुजविले. मेहताजींची कसोटी साधी होती: करून दाखवा. ती आजही निरुत्तर करणारी आहे. मांत्रिक म्हणतो माझ्या मुळीने अमका मरेल. त्याला म्हणावे, मार. परंतु चौकात वडा ठेवणारी बाई काय सिद्ध करणार? तिने कसल्या सामर्थ्याचा दावाच केलेला नाही. उद्यापासून घरात भांडण होणार नाही अशी हमी तिने कोणाला दिली नाही. झालेले भांडण आपण धरून ठेवणार नाही, एवढेच तिने केले. तिला मांत्रिकाच्या पिंजऱ्यात उभी करणे म्हणजे दाव्यावाचून प्रतिवादी उभा करणे होय. मेहताजींचा आम्हांस आदर आहे. तथापि या बाबतीत आमचे मत निराळे आहे.

खरी कसोटी निराळीच असते, आणि ती लागते रोगराईच्या वेळी. १९९४ च्या सप्टेंबरात, तापीला पूर येऊन गेला होता आणि अनंत चतुर्दशीचे विसर्जन नुकतेच आटोपले होते, अशा वेळी सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगाची बातमी फुटली. आम्ही तेव्हा शाळेत होतो. आरंभीच आवई उठली की कोणी तरी नळाच्या पाण्यात विष कालवले आहे. कोणी तरी! काही दिवसांत लाखो लोक गाड्यांच्या टपावर बसून शहर सोडून गेले. त्यांत खानदेशातून यंत्रमागांवर कामाला आलेली मराठी माणसे फार होती, आणि ती आपापल्या गावी पोहोचली तेव्हा गावांनीही त्यांच्याकडे रोगाकडे पाहावे तसे पाहिले. घरोघरी कडुनिंबाचा पाला आणि कापूर जळत होता. त्या धुराने प्लेग गेला नाही. परंतु त्या धुराने कोणाचे घरही जाळले नाही. सुरतेतील मृत्यूंची संख्या शेवटी पन्नासाच्या आसपास भरली. दोष कोठे होता, हे नंतर शहराने स्वतःच दाखवून दिले. १९९५ साली एस. आर. राव हे महापालिकेचे आयुक्त म्हणून आले, गटारे उपसली गेली, कचरा उचलला गेला, आणि ज्या शहराचे नाव घेताना लोक नाकाला रुमाल लावीत, ते देशातील स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले.

चरकाने हे फार पूर्वी लिहून ठेवले आहे. विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात, गंगेच्या काठी कांपिल्यात फिरत असता आत्रेय पुनर्वसू अग्निवेशाला सांगतात की, सबंध जनपद ज्यामुळे उद्ध्वस्त होते ती कारणे चार: वायू, जल, देश आणि काल यांचे बिघडणे. आणि या बिघाडाच्या मुळाशी काय? अधर्म. तोही प्रथम कोणाचा? देशाच्या, नगराच्या, व्यापारी श्रेणींच्या प्रमुखांचा. रोगाने ग्रासलेल्या गावात बोट दाखवावयाचेच असेल तर चरक ते वरच्या दिशेने दाखवितो. गावाच्या टोकाला एकटी राहणारी विधवा त्याच्या यादीत कोठेच नाही.

आपल्या गावांच्या यादीत मात्र ती आहे. दिवाळी सरली की डांग, नंदुरबार, धुळे या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या बारडोलीच्या बाजूला उतरतात. त्यांच्या गावांकडे, सातपुड्याच्या पाड्यांवर आणि डांगच्या रानात, डाकीण हा शब्द अद्याप जिवंत आहे. मूल तापाने फणफणते, गाय आटते, आणि घरचे लोक भगताकडे जातात. भगताला झाडपाला खरोखरच ठाऊक असतो. त्याच्या काढ्याने ताप उतरलाही असेल. तेथवर तो वैद्य. त्यानंतर तो दाणे पाहतो आणि एक नाव उच्चारतो. त्या क्षणापासून तो काय होतो हे सांगावयास आमच्याजवळ शब्द नाही. नाव बहुधा बाईचे असते, पुष्कळदा विधवेचे, आणि पुष्कळदा तिच्या नावावर थोडी जमीन असते. वकिलाची नजर आधी तिकडेच जाते. कित्येकदा ती स्वतः मुळ्या जाणणारी, बाळंतपणे करणारी असते. काल जिच्या हातचा काढा घेतला तिच्याच हाताला आज विषारी म्हणावयाचे! पुढे मारहाण, धिंड, गावाबाहेर काढणे, आणि कधी त्याहूनही वाईट.

यावर बिहारने १९९९ साली पहिला स्वतंत्र कायदा केला. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे जो कायदा मागत होते, तो ऑगस्ट २०१३ मध्ये पुण्यात त्यांची हत्या झाल्यानंतर अध्यादेशाच्या रूपाने आणि डिसेंबरात अधिनियमाच्या रूपाने आला. गुजरातच्या विधानसभेने तशाच स्वरूपाचा कायदा ऑगस्ट २०२४ मध्ये संमत केला. दोहोंत शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. (महाराष्ट्राच्या अधिनियमाच्या लांबलचक नावात जादूटोण्याचे 'समूळ उच्चाटन' असे शब्द आहेत, षट्कर्मांतील उच्चाटन आता शासनानेच हाती घेतले म्हणावयाचे!) त्याची अनुसूची आमच्या वाचकांनी एकदा वाचावी. अमुक व्यक्ती करणी करते, मंत्राने गुरांचे दूध आटविते, रोग पसरण्यास कारण होते, असे सांगून तिचे जगणे कठीण करणे हा तेथे गुन्हा आहे. घरातील वा देवळातील पूजा, वारी, कीर्तन, ज्यांनी कोणाला शारीरिक इजा वा आर्थिक हानी होत नाही असे विधी, हे सर्व वगळले आहे. म्हणजे आघाड्याला कायद्याने हात लावला नाही, धरले ते बोट दाखविणाऱ्याला. अथर्ववेदाच्या सर्वनामाशी मुंबईच्या विधिमंडळाने नकळत मेळ घातला, असे आम्ही म्हणू.

कोणी म्हणेल, खरोखरच कोणी विष घातले असेल तर नाव घ्यावयाचे नाही काय? अवश्य घ्यावे, परंतु तेथे घ्यावे जेथे त्या नावाच्या माणसाला उत्तर देता येते. साक्षीदाराला उलटतपासणीत विचारता येते की तू कोठे उभा होतास, उजेड किती होता, तुझे आणि हिचे शेताच्या बांधावरून भांडण आहे की नाही. दाण्यांना हे विचारता येत नाही.

हे सर्व रानातल्या लोकांचे, आपले नव्हे, असे मानून कोणी पान उलटू नये. आमच्या कचेरीत एक सुशिक्षित गृहस्थ प्लास्टिकच्या पिशवीत एक टाचण्या टोचलेले लिंबू मुद्देमाल म्हणून घेऊन आले होते. ते दाराशी सापडले, ते भावजयीने ठेवले, तिला नोटीस द्यावी, असे त्यांचे म्हणणे. धंद्यात मंदी होती, मुलीचे लग्न मोडले होते. दुःख खरे होते. आम्ही विचारले, "भावजयीला ठेवताना पाहिले कोणी?" ते म्हणाले, "देवानेच सांगितले." कोठे सांगितले, तर गावी जाऊन प्रसाद लावला होता. आता देवाला पाकळ्या लावून कौल घेणे ही आपल्या देवळांतील जुनी चाल आहे आणि आम्ही तिची निंदा करणार नाही. नवे घर बांधू की नको, शस्त्रक्रिया करू की थांबू, अशा वेळी उजवी पाकळी पडली म्हणून किती तरी भ्यालेल्या जिवांना धीर आलेला आम्ही पाहिला आहे. पण पाकळीला जेव्हा 'थोरली की धाकटी?' असे विचारले जाते, तेव्हा देवाच्या अंगावरची फुलेही षट्कर्मांच्या साहित्यात जमा होतात. ते गृहस्थ लिंबू घेऊन परत गेले. नोटीस आम्ही दिली नाही. दुसऱ्या कोणी दिली असल्यास ठाऊक नाही.

आमच्या आप्ताला आम्ही असे उत्तर लिहिले की, तुझ्या शेजारणी दाराशी कोणते झुडूप बांधतात हे विचारू नकोस. बांधताना कोणाचे नाव घेतात काय, एवढेच पाहा. न घेतील तर त्यांना आमच्यातर्फे दिवाळीच्या शुभेच्छा सांग. त्याने उलट विचारले आहे की, चौकात टाकलेला तुमचा तो कलह शेवटी जातो कोठे? याचे उत्तर मात्र आम्हांस पाठवावयाचे राहिले आहे. १९९५ नंतर या शहरात मुख्य रस्ते रात्रीच झाडून घेण्याची पद्धत पडली. काळी चौदसच्या रात्री चौकाचौकांतून वड्यांचे ढीग पडलेले असतात, भोवती पाण्याची अर्धवट वाळलेली रिंगणे असतात, आणि ज्या घरांतून ते आले त्यांतील कोणीही मागे वळून पाहत नाही. थोड्या वेळाने झाडू आणि हातगाडी घेऊन महापालिकेच्या बायका येतात व सबंध शहराचा कलह हातांनी गोळा करतात. त्यांना त्याची बाधा होईल अशी भीती त्या बाईला, आपल्याला, कोणालाच वाटत नाही. त्यांची नावे आपण कधी घेतलेली नाहीत.